झाडूवाल्यांची ढाल

मापकाकूंचं खरं नाव कॉलेजात फक्त पगारपत्रकाला ठाऊक. छात्रसेनेच्या स्टोअरमधून एकतीस वर्षं त्या बूट, बेल्ट आणि टोप्या वाटत आल्या. कुणी दारात उभं राहिलं की पायांवर एक नजर टाकायची आणि म्हणायचं, "सात नंबर. आणि मोजे धूत जा." नंबर कधी चुकला नाही.

तुकडीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा नव्या अधिकारी मॅडमनी आजवरच्या बक्षिसांचा इतिहास लिहायचं काम काकूंच्या गळ्यात घातलं. भिंतीवरच्या फळ्यावर साली आणि ढाली ओळीनं रंगवलेल्या होत्या. मधलं एकच वर्ष कोरं होतं.

"त्या वर्षी काही मिळालं नसेल," मॅडम म्हणाल्या.

"नसेल कसं? सगळ्यात स्वच्छ छावणीची ढाल मिळाली होती! तंबूंभोवती चर कसे खणायचे, ते मीच भर उन्हात उभी राहून दाखवलं होतं. नोकरीला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते."

पण त्या वर्षी संचलन आणि नेमबाजीची बक्षिसं दुसऱ्या कॉलेजांनी पटकावली होती. परतीच्या वाटेवर त्यांच्या पोरांनी "आले झाडूवाले!" म्हणून या तुकडीच्या पोरांना नुसतं भंडावून सोडलं. ढाल कॉलेजात पोचलीच नाही. तुकडीच्या नायकानं ती आपल्या ट्रंकेत कोंबली, तेवढं काकूंनी पाहिलं होतं.

तो नायक आता चौकातला दातांचा डॉक्टर होता. काकू नंबर लावून आत गेल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"काकू, तुम्ही! कुठला दात?"

"दात नाही रे, ढाल काढायची आहे."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. ढाल त्याच्या गच्चीत होती, कुंडीखाली.

"लाज वाटायची हो तेव्हा," तो पुटपुटला.

संध्याकाळी त्यानं दात चमकवायच्या मशीननंच पितळ लखलखीत केलं. लाकडावरचा कुंडीचा गोल डाग मात्र काही केल्या जाईना.

समारंभात त्यानं स्वतःच उभं राहून सगळी हकीकत सांगितली. कुंडीपाशी येईपर्यंत पोरं पोट धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला. "काय लिहू?" त्यानं विचारलं.

"स्वच्छ छावणी," काकू म्हणाल्या. "आणि अक्षरं बाकीच्यांएवढीच मोठी काढ."

रंग वाळेपर्यंत त्या फळ्यासमोर स्टूल टाकून बसून राहिल्या. कुणाचा हात लागायला नको.