मोलीचं बाळंतपण आणि माझा साडू

मासळीच्या बाळंतपणात शिट्टीचा आवाज नको म्हणून ज्याने घरातला कुकर अंगणात काढला, असा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा साडू होता. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचा एक किस्सा मी कितीतरी लग्नांच्या पंगतीत रंगवून सांगितला आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. तो किस्सा अर्धा खोटा होता. साडू गेल्या उन्हाळ्यात गेला. आता तरी तो नीट सांगावा.

भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत त्याचं क्वार्टर होतं. पुढच्या खोलीत पाहुण्यांना बसायला एक खुर्ची आणि बाकी सगळ्या काचेच्या टाक्या. शोभेचे महाग मासे त्याला आवडत नसत. त्याचा जीव काळ्या मोलीवर. ही जात अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि तेवढ्यावरून साडूने ठरवून टाकलं होतं की हिचं सगळं माणसासारखंच करायचं. मोलीचं पोट चौकोनी दिसू लागलं की तो तिला झाडपाल्याच्या वेगळ्या टाकीत ठेवी आणि म्हणे, "माहेरी आणली." नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवल्याशिवाय तिला देत नसे. मे महिन्यात घरातली माणसं घामाने निथळत, आणि फ्रिजमधली बर्फाची बाटली मोलीच्या टाकीत तरंगत असे. एका गणपतीत तो आरतीला मंडपाबाहेरच उभा राहिला. "घरात सोयर आहे भाऊ, आत नाई येत." कोणाला काय झालं म्हणून बायका चौकशीला धावल्या, तर बाळंतीण टाकीत. एकदा शेजाऱ्याने विचारलं, "नर तं कवाचाच मेला तुमचा, मंग हे पिल्लं कुठून आले?" मादी एकाच संगतीवर पुढची बाळंतपणंही काढते, हे साडूला ठाऊक होतं. पण ते समजावून सांगण्याऐवजी तो उखडला. "तिच्या चारित्र्यावर बोलाचं काम नाई."

चुकाही त्याच्या अशाच असत. बाळंतिणीला खुराक हवा म्हणून त्याने एकदा उकडलेल्या अंड्याचा अख्खा बलक टाकीत कुस्करला. सकाळी पाण्याचं ताक झालं होतं आणि निम्मी पिल्लं उलटी तरंगत होती. त्या दिवशी तो जेवला नाही. पुढे मात्र बलक फडक्यातून गाळून चिमटीएवढाच पडू लागला.

आता तो किस्सा. माझी मुलगी स्वाती राजुऱ्याला आमच्याकडे बाळंतपणासाठी आली होती. आधी दोनदा तिचं पोट पडलं होतं. डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलं होतं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असे. कोणाशी बोलत नसे. हे ऐकून साडू भद्रावतीहून निघाला. मांडीवर झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यावर काळं फडकं. बसमध्ये तो दर खड्ड्याला ओरडत होता, "हळू चालवा ना भाऊ, गर्भार आहे माह्यापाशी!"

"कुठी आहे?" कंडक्टर म्हणाला.

"डब्यात."

"मंग तिचं तिकीट?"

"पोटातल्यायचंही लावता का?"

स्वातीच्या पलंगाजवळ टाकी लागली आणि माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. "आपलेच पिल्लं खाणारी जात, अन् ते गर्भारशीच्या खोलीत?" मी साडूला म्हणालो, "आत्ताच्या आत्ता परत ने." तो म्हणाला, "आता हलवली तं तिचं पोट पडंल, भाऊ." जो शब्द त्या घरात महिनोन् महिने कोणी उच्चारला नव्हता, तो त्याच्या तोंडून गेला. त्याने जीभ चावली. मोली राहिली. साडूही राहिला.

चारेक दिवसांनी भर दुपारी स्वातीचे सासू-सासरे तिला पाहायला आले, आणि नेमकी तेव्हाच मोली पिल्लं देऊ लागली. साडू हातात जाळी घेऊन, पाहुण्यांकडे पाठ करून टाकीला चिकटून उभा. नमस्कार नाही, चहा नाही. पिल्लू दिसलं की जाळीत उचलून बरणीत सोडी आणि ओरडे, "पोरगी झाली व स्वाती! हे पाह्य, अजून एक!" स्वातीच्या सासूबाई मला म्हणाल्या, "हे असेच आहेत काय?" माझी मान खाली गेली. पाहुणे गेल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं. स्वातीला पुढे मुलगी झाली, सुखरूप. बारशाला साडू आला, पण माझ्या घरात पुन्हा मुक्कामी राहिला नाही. मी मात्र किस्सा सांगत राहिलो: व्याह्यांकडे पाठ, मासळीकडे तोंड.

तो गेला त्याच्या तेराव्याला मी तो किस्सा पुन्हा सुरू केला. स्वातीने मला बाजूला नेलं.

"बाबा, ते तसे काऊन उभे होते, माहीत आहे तुम्हाले? मोली पिल्लू खाते ते मले दिसू नये म्हणून. मधात भिंतीसारखे उभे होते."

मी पायरीवर टेकलो.

"अन् पह्यलं पिल्लू तं तिनं खाल्लंच होतं. मावसाजी हात धुवाले गेले होते. मी पाह्यलं. मंग आवाज देला त्यायले. जाळी घेऊन लुंगी सावरत धावत आले. म्हणे, आधी कोणी झालं का व? मी म्हटलं, नाई, हेच पह्यलं."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. पण त्यायले तसं धावताना पाहून हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं, बाबा." मग म्हणाली, "त्यायले कधीच सांगितलं नाई मी. पोरीच्या दर वाढदिवसाले म्हणत, तुह्या वेळी एकही गेलं नाई."

तो समज तो तसाच सोबत घेऊन गेला. बरंच झालं. माझं बोलणंही सोबत गेलं असेल, त्याला आता इलाज नाही.

त्याची एक टाकी मी राजुऱ्याला आणली आहे. त्यातल्या मोलीचं पोट या आठवड्यात चौकोनी दिसू लागलंय. काल सकाळी बायको डाळ-तांदूळ धुऊन ओट्यापाशी आली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कुकर बाहेर लावतेस काय?"

ती हसेल असं वाटलं होतं. तिने शेगडी उचलली आणि अंगणात नेली.