खेकड्याची पंचवीस वर्षं

लग्न होऊन मी मुरबाडहून भातसानगरला राहायला आले, ते नव्वदीच्या सुरुवातीला. नवरा धरणाच्या वीजघरात कामाला होता. सकाळी त्याचा डबा गेला की दिवस मोकळा. कॉलनीच्या करमणूक मंडळाच्या खोलीत एक छोटं वाचनालय होतं. ते बघणाऱ्या बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि दुपारी चार ते सहा त्या खोलीचं कुलूप उघडायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच शनिवारी मी किल्ली घेऊन पोचले, तर दारालगतच्या लाकडी फळ्यापुढे पंधरावीस माणसं उभी. मला वाटलं, बदल्यांची यादी लागली. पण माणसं हसत होती. मान वर करून बघितलं. फळ्यावर चार चौकटींचं चित्र चिकटवलेलं होतं. पहिल्या चौकटीत आटगाव स्टेशनातला बाक, त्याखाली छत्री घेऊन बसलेला एक खेकडा. दुसरीत गाडी आली. तिसरीत नुसते पाय, चपला, पिशव्या. चौथीत पुन्हा रिकामा बाक, आणि खालून खेकडा म्हणत होता, "यातली एकपण माझी नव्हती." कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडा होता, सहाशे बारा.

हे काढणारे गृहस्थ धरणाच्या नकाशाघरात अनुरेखक होते. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचा, एवढंच त्यांचं काम. सगळी कॉलनी त्यांना ट्रेसरकाका म्हणायची. शहापूरकडच्याच एका भातशेतीवाल्या घरातले. उंच, किडकिडीत, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम शाईचा डाग. ते वाचनालयात यायचे, खुर्ची खिडकीशी ओढायचे आणि पुस्तक मांडीवर ठेवून जलाशयाकडे बघत बसायचे.

त्यांचा खेकडा मुंबईला निघाला होता. धरणाचं पाणी जातं कुठे, हे त्याला बघायचं होतं. पण खेकडाच तो. शहापूरच्या बाजारात पोचायलाच त्याला चार वर्षं लागली होती. मग वाट चुकून तो आटगावला गेला आणि फलाटावर दोन वर्षं राहिला. पुढे कोणीतरी त्याला सांगितलं की तानसा तलावाचं पाणी नेणाऱ्या मोठ्या नळावर चढून चालत राहिलास तर सरळ मुंबईला पोचशील, म्हणून तो नळाच्या शोधात निघाला. हे सगळं आठवड्याला चार चौकटी या चालीने.

गंमत अशी, की ती चित्रं पाहता पाहता आमच्यासाठी सगळा मुलूखच थोडा त्या चित्रातला झाला. बाजाराला जाताना वळणावरचा एक दगड दिसला की शेजारीण म्हणायची, "इथे बसलेला गो तो, पावसाळाभर." मीही त्या दगडाकडे बघायचे. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असायचं, पलीकडचे डोंगर जमिनीपासून सुटून तरंगायला लागायचे, आणि अशा वेळी नळाच्या बाजूला काहीतरी तिरकं हललं असं वाटलं तर मला त्यात नवल वाटत नसे. मी मोठी बाई होते, दोन मुलांची आई झाले होते. तरी वाटायचं.

अशी तेरा वर्षं गेली.

एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत परदेशातल्या एका चित्रमालिकेबद्दल पानभर मजकूर आला. तिला पन्नास वर्षं झाली होती. तिकडे म्हणे प्रदर्शन भरवलं, पहिलं चित्र काचेत ठेवलं, लोक रांग लावून बघून गेले. मी ते पान काकांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "काका, आपल्या खेकड्याला किती झाली?"

ते हसले. "मी शनिवार मोजतो. वर्षं नाय मोजली."

मीच हिशेब केला. आकडा तेराशेच्या आसपास पोचला होता. म्हणजे पंचवीस वर्षं. मी म्हटलं, "आपण पण करायचं. सगळी चित्रं लावायची. पहिल्यापासून."

"सगळी हायत कुठे?"

होती. काका दर शनिवारी नवा कागद जुन्यावरच चिकटवत. थर जाड झाला की अख्खी थप्पी फळ्यावरून सोलून काढत आणि मंडळाच्या अडगळीत उभी करून ठेवत. मी अडगळ उघडली तर पुठ्ठ्यासारख्या कडक थप्प्या निघाल्या, वीतभर उंच. दोनतीन वाळवीने खाल्ल्या होत्या. बाकीच्या मी घरी आणल्या. घंगाळात कोमट पाणी घेतलं आणि एकेक थप्पी भिजत घातली.

ते दिवस मला अजून नीट आठवतात, आणि आठवतात तेही पाण्यातून बघितल्यासारखे. मैद्याची खळ हळूहळू सुटायची. वरचा कागद अलगद उचलला की खाली आदल्या आठवड्याचा. काकांची काळी शाई पाण्याला दाद देत नव्हती. कागद मात्र नकाशांच्या रद्द प्रतींचे होते, त्यांच्या पाठीवरच्या निळ्या रेघा पाण्यात उतरायच्या आणि माझे हात मनगटापर्यंत निळसर व्हायचे. सगळ्यात नवं चित्र वर, म्हणून खेकडा माझ्या हाताखाली माघारी चालत होता. नळावरून उतरला, फलाटावर आला, बाजारातून उलटा गेला. मधेच एका वर्षी त्याची छत्री नाहीशी झाली. म्हणजे ती त्याला त्या वर्षी मिळाली होती. अंगणात दोऱ्या बांधून मी ते कागद वाळत घातले. शेजारच्या बायका पापड बघायला याव्यात तशा यायच्या आणि ओल्या कागदांखालून वाकून फिरायच्या. एक म्हणाली, "हे लागलं तेव्हा माझा मधला पोटात होता." दुसरीला एका चित्राखाली तिचे सासरे आठवले. हे चित्र पाहून ते हसले होते, आणि ते हसायचे फार कमी.

शेवटच्या थप्पीचा शेवटचा कागद सुटला. कोपऱ्यातला आकडा होता दोन.

मी थप्पी उलटी करून पाहिली, घंगाळाच्या तळाशी हात फिरवला. एक नव्हता.

संध्याकाळी काकांना विचारलं. त्यांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "एक नंबर फळ्यावर लागलाच नव्हता. तो मी दिला."

"कोणाला?"

"पल्याड एक वाडी हाय. तिथली बाई." ते पुढे म्हणाले, "पंचवीस वर्षांत गेलो नाय मी तिकडे."

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं ते असं. धरणात पाणी अडवायच्या आधी बुडणाऱ्या वाड्यांची मोजणी झाली. काका तेव्हा तिशीच्या आतले होते. मोजणीवाल्यांबरोबर हिंडून घरांच्या आकृत्या काढायचं काम त्यांच्याकडे होतं. एका घराशी ते बसलेले असताना तिथली तरुण बाई जवळ आली आणि म्हणाली, काय काढताव? ते म्हणाले, तुझं घर. तिने कागद बघितला. चार रेघा होत्या. ती म्हणाली, यात माझी चूल नाय. चुलीमागच्या ओहळात खेकडा ऱ्हातो, तो पण नाय. काकांनी कागद उलटला आणि पाठीवर तिला खेकडा काढून दिला. मग तिने विचारलं, पाणी आल्यावर हा कुठे जायचा? काकांनी खेकड्यापुढे तीन चौकटी आणखी काढल्या आणि त्याला चालायला लावलं.

"नकाशाची दुसरी प्रत काढून जमा केली. तो कागद तिच्याकडे ऱ्हायला," काका म्हणाले. "नंतर पाण्याची रेघ मी गिरवली, बाई. अमुक उंचीपर्यंत पाणी येणार, ती रेघ. साहेबांनी आखलेली, मी फक्त गिरवली. तिच्या घरावरून गेली ती."

मी म्हटलं, "आपण जाऊ."

"ती वळखायची नाय."

"नाही ओळखलं तर परत येऊ."

भातं कापून झाली होती. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो आणि फाट्यावर उतरून तासभर चढ चढलो. वाडी डोंगराच्या कुशीत, पंधरा घरांची. खाली जलाशय, इतका शांत की ढग त्यात टाकून ठेवल्यासारखे. ती बाई खळ्यावर भात झोडत होती. पन्नाशीला आलेली, हातापायाने काटक. बाजूला तिची लेक पेंढा रचत होती.

बाईने काकांकडे बघितलं. मग त्यांच्या बोटावरच्या शाईकडे.

"नकाशावालं भाऊ ना तुमी?"

काकांनी मान हलवली.

"म्हातारं झालाव."

"झालो," काका म्हणाले.

आम्हाला कोरा चहा मिळाला. मी यायचं कारण सांगितलं. ती आत गेली आणि बांबूचं एक नळकांडं घेऊन आली. त्यात रेशनकार्ड, एक जुना दाखला, आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेला तो कागद होता. घडीवर फाटत आलेला, धुराने तपकिरी. त्यावरचा खेकडा आमच्या खेकड्याहून लहान होता, थोडा घाबरलेला, आणि अर्थातच बिनछत्रीचा. मी कागद उलटला. मागे चार भिंती, दार, अंगणातलं चिंचेचं झाड, ओहळ. आणि एका कोपऱ्यात, घाईत नंतर काढलेली असावी अशी, चूल.

"कधी काढलं हे, मावशी? तारीख लक्षात आहे?"

"तारीख कुठली गो? भात झोडून झालेलं. आन ही," तिने लेकीकडे बोट केलं, "ही रांगायची."

लेक पदराने घाम पुसत हसली. तिच्या मुलीने नुकतीच बालवाडी सोडली होती. आमचा वर्धापनदिन असा ठरला, भात झोडून झाल्यावर.

मी विचारलं, हा कागद चार दिवस प्रदर्शनाला द्याल का. तिने तो माझ्या हातातून हळूच परत घेतला.

"नाय. आमच्या घराचा येवढाच ऱ्हायलाय. मी घेऊन येईन. दावीन, आन घेऊन जाईन."

काका खाली बघून म्हणाले, "ती पाण्याची रेघ मीच मारलेली, बाय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "रेघ काय, कोनीपन मारली असती. याला पाय तुमीच दिलाव ना?"

काका उठून खळ्याच्या कडेला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिने त्यांना तसंच उभं राहू दिलं आणि मला आणखी चहा ओतला.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या खोलीत दोऱ्या बांधल्या. नऊशेच्या वर चित्रं कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवली. पंखा लावला की सगळे खेकडे एकदम हलायचे. कॉलनी लोटली, शहापूरहून शाळा आल्या. मावशी लेकीला घेऊन आल्या. त्यांना पहिल्या दोरीच्या सुरुवातीला खुर्ची दिली, तिथे त्या मांडीवर कागद उघडून बसल्या. त्यांच्यानंतर दोन नंबर. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यापुढे वाकायचा, चित्र बघायला. त्या प्रत्येकाला कागद उलटून दुसरी बाजूही दाखवायच्या. "हे माझं घर. ही चूल."

दुपारी गर्दी कमी झाल्यावर त्या स्वतः सगळ्या दोऱ्यांखालून फिरल्या. वाचता येत नव्हतं, लेकीने वाचून दाखवलं. नळावर चाललेल्या खेकड्यापाशी थांबून त्यांनी काकांना विचारलं, "मुंबय किती ऱ्हायली याची?"

"लय हाय अजून."

"मंग फिरवा त्याला. बघून काय करनार?"

काकांनी फिरवला. पुढच्या शनिवारी खेकड्याने नळावर छत्री मिटली आणि तोंड वळवलं. फळ्यापुढे कोणी हसलं नाही. एका आजोबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि "बरं झालं" म्हणून निघून गेले.

काका त्यानंतर तीन वर्षांनी निवृत्त झाले आणि मुरबाडला मुलीकडे राहायला गेले. तोवर खेकडा बाजारापर्यंत परत आला होता. पुढे कॉलनी ओसरत गेली. संगणक आल्यावर नकाशाघराला कुलूप लागलं. वाचनालयाची कपाटं एका शाळेने नेली. मी चित्रं घरी आणली, वह्यांमध्ये चिकटवली.

माहेरी गेले की मी काकांना भेटायचे. त्यांचे डोळे अधू झाले होते, शस्त्रक्रियेनेही फारसा फरक पडला नव्हता. रेघ आता जागेवर पडत नाही म्हणायचे. पण चौकटी मात्र तयार असायच्या. एकदा ते म्हणाले, "तू लिही. मी सांगतो." मी पिशवीतली वही काढली. त्यानंतर ते आमचं ठरूनच गेलं. मी दोनतीन महिन्यांनी जायचे, तोवरचे सगळे शनिवार ते साठवून ठेवत आणि ओट्यावर बसून एकापाठोपाठ एक सांगत. कोणी काढलेली नाहीत अशी ती चित्रं माझ्याकडे शब्दांत आहेत, अडीच वह्या.

शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागत होती. एकच शनिवार सांगेन म्हणाले. पहिल्या चौकटीत कापलेलं शेत, नुसते खुंट. दुसरीत खळं, त्यावर विसरलेली घोंगडी. तिसरीत चुलीमागचा तो ओहळ, पाणी घोट्याएवढं, तळाचे गोटे दिसतात. मी लिहीत होते. ते थांबले.

"चौथीत काय, काका?"

त्यांनी डोळे मिटून बघितलं.

"ऊन," ते म्हणाले. मी लिहिलं, ऊन.