वहिनीचं वाक्य

वहिनीनं गावाकडून, जोयड्याच्या रानातून पाठवलेले कंद काल उकडायला ठेवले, आणि त्या मातकट वासानं मला वीस वर्षं मागं नेलं.

चुलीपुढं बसून मी तिला कॉलेजचं पुस्तक मराठीत सांगत होते. परदेशातल्या एका काळ्या बाईनं लिहिलं होतं, की गोऱ्या बायका आपल्याला बाईत धरत नाहीत आणि काळे पुरुष ऐकून घेत नाहीत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, त्याचा तोरा होताच. पण उद्या वर्गात यावर काय बोलायचं, ते सुचत नव्हतं.

कधी शाळेत न गेलेली वहिनी कंद सोलता सोलता म्हणाली, "बागवाल्याकडं मजुरीला गेले की मी रानातली म्हणून शेवटी जेवते वन्सं, अन् हितं घरात बाई म्हणून. तिचंबी तसंच हाय न्हवं?"

मी जळले. कॉलेजात मी जायचं आणि कळायचं हिला!

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी पुस्तक मिटलं.

"न्हाई तर न्हाई," ती हसली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच बोलले. टाळ्या पडल्या. मॅडमनी विचारलं, "कुठं वाचलंस?"

"मला सुचलं."

आज मी हाच विषय शिकवते. दरवर्षी ते वाक्य मुलींना सांगते. वहिनीचं नाव घ्यायला तोंड उघडते, आणि अजून तोच हेवा आडवा येतो.