लाल उंट

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसत आलेय. अजूनही हसते... फक्त ही एक सोडून. माझं मराठी जयपूरचं आहे, मतलब निम्मं हिंदी, तेव्हा सांभाळून घ्या.

२००५ चा उन्हाळा. बाबा विमा कंपनीत, बदलीवर जयपूरला आलेले. आम्ही जवाहर नगरमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. माझा मोठा भाऊ, दादा, इंजिनिअरिंगला होता आणि फावल्या वेळात कॉम्प्युटरवर स्वतः गेम लिहायचा. त्याचा एकच गेम पुरा झाला — भुलभुलैयात बोरं खात फिरणारे दोन उंट. लाल त्याचा, पिवळा माझा. कीबोर्ड एकच, अक्षरांची बटणं माझी, बाणांची त्याची. उंट कसले, बकऱ्याच दिसायच्या!

त्यात एक गडबड होती. डाव्या कोपऱ्यात गेलं की पिवळा उंट भिंतीत रुतायचा. लाल उंटाने येऊन धक्का दिला तरच सुटायचा. मी एकटी खेळत असले की त्याच्या बाणांना हात न लावता ओरडायचे, "दादा, अडकले!" तो असेल तिथून यायचा, माझ्या खांद्यावरून हात घालून बाण दाबायचा आणि जाताना टपली मारायचा.

"दुरुस्त का करत नाहीस रे?"

"करतो गं, उद्या."

एक दिवस माझं डोकंच फिरलं. शेवटची चार बोरं राहिली असताना अडकले. म्हटलं, "भंगार आहे तुझा गेम! पुन्हा हात लावणार नाही." आणि खरंच नाही लावला. सव्वा महिना. तो दोनदा विचारून गेला, "मनू, खेळतेस?" मी ढिम्म. मग त्याला ताप आला आणि पाच दिवसांत दादा गेला.

वर्षाने बाबांची बदली झाली. कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकायचं ठरलं. आदल्या दिवशी भर दुपारी, कूलर घरघरत असताना, मी तो गेम लावला. मुद्दाम कोपऱ्यात गेले. अडकले. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "दादा, अडकले..." मग मात्र दोन्ही हातांत तोंड लपवून ढसाढसा रडले.

मागून आईचा आवाज आला, "मनू, लाल कोण चालवतंय गं?"

वर पाहिलं. लाल उंट भुलभुलैयाच्या दारापासून निघून, गल्ल्या वळत वळत येत होता. कीबोर्डला कुणाचाच हात नव्हता. त्याने धक्का दिला, पिवळा सुटला, आणि लाल तिथेच थांबला. आई भिंतीला टेकून खाली बसली.

संध्याकाळी दादाचा मित्र विनय भैया आला. आम्ही झालं ते सांगितल्यावर त्याने सगळा कोड वाचला. "मनू, लाल अपने आप चल ही नहीं सकता. ऐसा कुछ लिखा ही नहीं है." बटण दबून राहिलं म्हणावं, तर एका बटणाने इतकी वळणं कशी घेतली? मग त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. त्या गडबडीच्या ओळीशेजारी दादाने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती — 'हे दुरुस्त करायचं नाही. अडकली की मनू हाक मारते.'

कॉम्प्युटर आम्ही दिला नाही. नंतर शंभरदा तरी अडकून पाहिलं, हाका मारल्या. लाल उंट जागचा हलला नाही. त्या दुपारी तो कसा चालला, मला आजही सांगता येत नाही. आणि खरं सांगू? ते कोडं मला छळतही नाही. छळतो तो सव्वा महिना. शेजारच्या खोलीत बसून दादा माझ्या हाकेची वाट बघत होता... आणि मी ती मारली नाही.