मिस्त्रीची बोट कोणी नेली?

वर्धा नदीच्या काठाकाठानं एसटी जाऊ लागली की एका बोटीचा तपास मला अजून जसाच्या तसा आठवतो. नोकरीत खुनाची, दरोड्याची प्रकरणंही हाताळली. पण घरी चार माणसं जमली आणि पोलिसातलं काही सांगा म्हणाली, की मी हेच सांगतो.

तेव्हा मी राळेगावकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पाऊस ओसरला होता, कपाशीला बोंडं धरली होती. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसलो, तेवढ्यात दोन माणसं आत आली. एक गावातला मोटार मिस्त्री, मुसलमान, साठीकडे झुकलेला, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. दुसरा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, नदीकाठच्या खेड्यातला हिंदू शेतकरी. दोघांनी मिळून एक जुनी लाकडी बोट घेतली होती. मिस्त्रीनं तिला शेतातल्या पंपाचं इंजिन बसवलं होतं आणि सुटीच्या दिवशी दोघं तिच्यात बसून गळ टाकत. ती बोट काठावरून नाहीशी झाली होती.

"दुसरं काही गेलं असतं तर मी ठाण्याची पायरी चढलो नसतो, साहेब," मिस्त्री म्हणाला. "येत्या रविवारी पोरगी अन् जावई येऊन राह्यले यवतमाळहून. त्यायले नदीतून फिरवतो म्हणून शब्द देल्ला होता."

त्याचा संशय खालच्या गावच्या एका मासेमारावर होता. इंजिनच्या आवाजानं मासे पळतात म्हणून दोघांची बाचाबाची झाली होती. शेतकऱ्यानं त्यावर काही मत दिलं नाही. अर्जावर साक्षीदार म्हणून सही करा म्हटलं, तर मान खाली घालून करून टाकली.

बोट वाहून गेली की कोणी नेली हेच नक्की नव्हतं, म्हणून मी अर्ज चौकशीवर ठेवला आणि मासेमाराला बोलावून घेतलं. पुन्हा पुन्हा तेच प्रश्न फिरवून विचारले.

"माह्याजवळ माहा डोंगा आहे साहेब. दुसऱ्याची बोट कायले नेऊ?" तो दर वेळी एवढंच म्हणायचा.

खोटं बोलणाऱ्याची हकिकत प्रत्येक वेळी जरा सुधारत जाते, असा माझा अनुभव आहे. याची पहिल्यापासून होती तशीच ओबडधोबड राहिली. पण बाहेर झाडाखाली त्याचे भाऊबंद जमले होते आणि समोरच्या टपरीवर मिस्त्रीच्या गल्लीतली तरणी मंडळी. लहान गावात दोन माणसांचं भांडण दोघांचं राहत नाही. मला उलगडा लवकर हवा होता.

दुपारी बीट जमादार खबर घेऊन आला. नाल्यावर बकऱ्या चारणाऱ्या एका बाईनं त्याला सांगितलं होतं, "बोट कुठी नाही गेली. नाल्याच्या तोंडाशी पाण्याखाली हाय."

पंच घेऊन आम्ही तिथं गेलो. नाला जिथं नदीला मिळतो, तिथं कमरेएवढ्या संथ पाण्यात बोट बुडवून ठेवली होती. आत दगड होते, पण टाकलेले नव्हते. फळ्यांना धक्का लागू नये अशा बेतानं रचलेले होते. काठावर पळसाच्या झुडपात इंजिन सापडलं, ताडपत्रीत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. चोर इंजिन विकतो. त्याला पाणी लागू नये म्हणून जपत नाही. असं जपणारा मालकच असणार, आणि मिस्त्री तर स्वतः अर्जदार होता. मी पंचनामा केला आणि शेतकऱ्याला बोलावणं पाठवलं.

तो आला आणि दारातच थबकला. बाकावर मासेमार बसला होता. शेजारी त्याची बायको भाकर घेऊन आली होती, पण त्यानं घास घेतला नव्हता.

"याले कायले बसवलं?" शेतकऱ्यानं विचारलं.

"संशय आहे."

त्यानं डोक्याची टोपी काढली. "याले जाऊ द्या साहेब. बोट म्याच बुडवली."

मी मिस्त्रीला बोलावून घेतलं. मासेमाराला सोडलं, पण तोही ऐकायला थांबला. मिस्त्री दोस्ताकडे पाहतच राहिला. "तू? अन् माह्यासंगं अर्ज द्यायले आलता?"

"तुले किती समजावलं. पाणी आता भरवशाचं नाही म्हणलं. ऐकलं का तू?"

"पाणी तर उतरलं. तळ दिसते."

"काठाशी दिसते. मधात पुरानं काय केलं ते पाह्यलं काय? रेतीचा खड्डा कुठून कुठी सरकला ते?" मग तो माझ्याकडे वळला. "मागं आमची बोट उलटली होती साहेब. मी खाली गेलो. याले धड पोहता येत नाही, तरी यानं बुडी मारून मले वर काढलं. आता पोरगी संगं असन. ती पडली तर हा थांबन काय? मी येत नाही म्हणलं असतं तर एकटा घेऊन गेला असता. मंग काय करू?"

मी सगळ्यांना जीपमध्ये घातलं आणि नदीवर नेलं.

पाणी दिसायला सुंदर होतं, हिरवट आणि शांत. शेतकऱ्यानं एक वाळकी फांदी दूर फेकली. ती सरळ वाहत गेली, मध्येच अडली, जागच्या जागी गरगर फिरली आणि दिसेनाशी झाली. आम्ही वाट पाहत राहिलो. वर आली ती कितीतरी खाली, पलीकडच्या काठाजवळ.

"तिथं मी जाळंही टाकत नाही," मासेमार म्हणाला.

मिस्त्रीनं दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि मासेमाराकडे वळून म्हणाला, "भाऊ, माफ कर. तुह्यं नाव मी उगाच घेतलं."

"इंजिन बंद ठेवत जा, झालं," तो म्हणाला.

बोट दोघांच्या मालकीची. अर्जदारानं तक्रार नसल्याचा जबाब दिला आणि मी अर्ज निकाली काढला. शेतकऱ्याला मात्र चांगलं सुनावलं, कारण त्याच्या गप्प बसण्यानं एक निर्दोष माणूस ठाण्यात बसला होता. रविवारी मुलगी-जावई आले. नदीकाठी लिंबाखाली चूल मांडली, मासे मासेमारानं आणले, रस्सा मिस्त्रीच्या बायकोनं केला. मलाही आग्रहानं बोलावलं होतं. बोट नाल्यातच होती; त्या दिवशी कोणी तिची आठवण काढली नाही.

गुन्ह्यात फायदा कोणाचा ते आधी शोधा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. या प्रकरणात फायदा शोधत बसलो असतो तर मी मासेमाराच्या पुढे गेलोच नसतो. माणूस जिवाच्या माणसासाठी भ्याला की तोही चोरासारखं वागतो, हे मला तिथं कळलं.

आणि पाण्याबद्दलही एक कळलं. आमच्या ठाण्यात बुडून मेलेल्यांचे मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूचे कागद, दाखल व्हायचे, ते बहुतेक पूर ओसरल्यावरचे. पुराला लोक भितात. निवळलेल्या पाण्यावर विश्वास टाकतात. म्हणून पोहायला, मासे धरायला, बोटीत बसायला निघालेल्यांना मी आजही सांगतो, की नदी ओळखणारा माणूस सोबत न्या आणि तो "आज नको" म्हणाला की माघारी फिरा. त्याला बोट बुडवायला लावू नका.