चौथ्या मजल्यावरची आजी

कॉलेजच्या मागच्या चार गल्ल्यांत कोण राहतं आणि कसं राहतं, याचा अहवाल समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला लिहायचा होता. दोघींची एक जोडी आणि प्रत्येक जोडीला वीस घरं. माझ्या जोडीला सोनिवलीची मैत्रीण होती. मी हेंद्रेपाड्याची. दोघी बदलापूरच्या, त्यामुळे उल्हासनगर म्हणजे आमच्यासाठी कॉलेज आणि जीन्सची दुकानं. त्या गल्ल्यांत आम्ही कधी पाऊलही टाकलं नव्हतं. तिथे संगमरवरी पायऱ्या होत्या, गेटवर कॅमेरे होते आणि थंडीत कुत्र्यांच्या अंगात स्वेटर होते.

फॉर्ममधले प्रश्न आम्हाला सोपे वाटले होते. घरात माणसं किती, वयं काय, बोलायची भाषा कोणती, फावल्या वेळात काय करता. पहिल्याच घरात ‘माणसं किती’वरून सासू-सुनेची जुंपली. सून म्हणाली चार, सासू म्हणाली नऊ. दुबईतला मुलगा, स्पेनमधला मुलगा, त्यांची बायकापोरं असं सगळं धरून ती मोजत होती.

“पापड तो उनका यहीं से जाता है,” सासू ठामपणे म्हणाली. “जिसका पापड यहाँ से जाए, वो इसी घर का.”

मैत्रिणीने मान डोलावून नऊ लिहिलं. सून आत निघून गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

पुढेही थोडंफार तसंच होतं. चार-चार बेडरूमचे फ्लॅट आणि राहणारी दोन म्हातारी माणसं. मुलं परदेशात. खिडकीतून आमचं कॉलेज दिसायचं, पण घरातलं कुणी तिथे शिकलेलं नव्हतं. शिकायला आम्ही यायचो, बदलापूर, अंबरनाथ, शहाडहून. एका डॉक्टरीणबाईंनी कॉलेजचं नाव विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. “अच्छा, ये वाला,” असं म्हणून त्यांनी पडदा सरकवला.

सगळ्यात मजा आली एका इमारतीत पहिल्या मजल्यावर. तिथल्या सिंधी आजीने दार उघडलं, आम्हाला बसवलं, पापड आणि पाणी ठेवलं आणि स्वतःच प्रश्न सुरू केले. बाबा काय करतात? अंबरनाथला कंपनीत आहेत? कोणत्या पोस्टवर? लग्न ठरलं का? का नाही ठरलं? पाऊण तासाने आम्ही बाहेर पडलो तेव्हा तिला आमच्याबद्दल सगळं कळलं होतं आणि आमचा फॉर्म अर्धा कोरा होता.

एकोणीस घरं झाली. विसावं होतं त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. पाच वेळा गेलो, पाचही वेळा कुलूप. दारावर नावाची पाटीही नव्हती. वॉचमन म्हणाला, “नए लोग हैं. दिनभर कोई नहीं रहता.”

“आता गो?” मैत्रीण म्हणाली. फॉर्म उद्या द्यायचे होते.

मग कॅंटीनमध्ये बसून, एक वडापाव दोघींत खात, आम्ही ते कुटुंब जन्माला घातलं. मुलगा कापडाचा व्यापारी. सून सकाळी योगा करते. नात कॅनडात. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. आजी मला फारच आवडायला लागली होती, म्हणून ‘फावला वेळ’ या रकान्यात मी लिहिलं: मराठी शिकते, सध्या जोडाक्षरांपर्यंत आली आहे.

“जास्त होतंय,” मैत्रीण म्हणाली.

“होऊ दे.”

दोन दिवसांनी मॅडमनी आम्हाला स्टाफरूममध्ये बोलावलं. समाजशास्त्राच्या या मॅडम कडक होत्या, पण त्या दिवशी चेहऱ्यावर नुसता आनंद. पुढ्यात आमचा विसावा फॉर्म.

“इतक्या वर्षांत असं घर मला सापडलं नाही. या आजींना मला भेटायचंय. शनिवारी तुम्ही दोघींनी मला घेऊन जायचं.”

पायऱ्या उतरताना मैत्रीण भराभर माझ्या पुढे निघाली. मग म्हणाली, “जोडाक्षरं!”

आम्ही सरळ त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गेलो, सिंधी आजीच्या पाया पडून सगळं खरं सांगितलं आणि शनिवारपुरती आमची ती आजी व्हायला विनवलं. आजी आधी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. मग गंभीर झाली. “मैं करूंगी. लेकिन पुट, झूठ भी बोलना है तो तैयारी से.” पुट म्हणजे बाळ. तिने तिथल्या तिथे नातीची जुनी वही काढली आणि चार दिवस आमच्याकडून मराठी शिकली. तिला ‘ळ’ येईना. “केळं” म्हणायला सांगितलं की ती “केला” म्हणायची, आणि आम्ही हसलो की वहीने आमच्या डोक्यात मारायची.

शनिवारी आम्ही मॅडमना पहिल्या मजल्यावर आजीकडे घेऊन आलो. आजीने नवा सलवार-कमीज घातला होता, चष्मा पुसून ठेवला होता.

“नमस्कार. या. बसा. मी मराठी शिकते,” आजी एका दमात म्हणाली.

“वा! आवडतं तुम्हाला?”

“खूप आवडते. मी पोहायला पण जाते.”

मी आणि मैत्रिणीने एकमेकींकडे पाहिलं. हे आम्ही शिकवलेलं नव्हतं.

“मी वर्तमानपत्र वाचते,” आजी पुढे निघाली. “मी डोंगर चढते.”

मॅडम मान डोलावत सगळं लिहून घेत होत्या. मग त्यांनी फॉर्म काढला. “पण यात तर चौथा मजला लिहिलाय. चारशे दोन.”

आजी अडली. मराठी संपली होती. “लिफ्ट बंद था,” ती म्हणाली, “इसलिए नीचे आ गई.”

“असं. मग वर जाऊ या, तुमचं घर दाखवा.”

आजीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही फरशीकडे. मॅडम उठल्या, पर्समधून किल्ली काढली आणि शांतपणे टेबलावर ठेवली.

“चारशे दोनची. दिवाळीत अंबरनाथहून आम्ही इथे राहायला आलो. फॉर्म वाचला आणि कळलं की माझ्या घरात माझ्या नकळत एक आजी राहते.”

माझे कान तापले. मैत्रीण रडायला लागली. आणि आजी, जिने आमच्यासाठी डोंगर चढले होते, ती सोफ्यावर मागे रेलून पुन्हा ठसका लागेपर्यंत हसली. ते बघून मॅडमच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

शिक्षा व्हायची ती झाली. वीसही घरं पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रत्येक फॉर्मवर घरच्यांची सही. पंधरा दिवस आम्ही त्या संगमरवरी पायऱ्या चढलो. पहिल्या घरात सासूने या वेळी दहा माणसं सांगितली. स्पेनमध्ये नातू झाला होता. सून पेढे घेऊन आली.

शेवटचा फॉर्म चारशे दोनचा. मॅडमनी स्वतः चहा केला आणि आमच्यासमोर हात जोडून बसल्या. “विचारा. अगदी खरी माहिती हवी.”

माणसं तीन. भाषा मराठी. फावला वेळ मिळत नाही.

“वय?” मी विचारलं.

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्याच वर्षी त्या निवृत्त होणार होत्या, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “एकोणपन्नास.”

मैत्रिणीने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी एकोणपन्नास लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म पुढे केला.