शनिवारचा माग

सिद्राम गेल्याचं मला मंद्रूपच्या बाजारात कळलं. लुगड्यांचा गठ्ठा सोडत होतो, तेवढ्यात शेजारचा पानवाला म्हणाला, "तुमचा कॉम्रेड गेला की सकाळी..." गठ्ठा तसाच बांधला आणि एसटी धरली. आता महिना होत आला. त्याच्यावर जे गोडगोड छापून येतंय ते वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लिहितो.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या हातमाग सोसायटीच्या कमिटीवर सगळी कम्युनिस्ट पक्षाची माणसं. कोणी काय विणायचं ते कमिटी ठरवी. एका वर्षी ठरलं, प्रत्येक घरात हिरव्या काठाचंच लुगडं. योजना म्हणे! गोदाम छताला टेकलं, बाया काही घेईनात. सिद्राम पक्षाचा जुना कार्यकर्ता, रशियाचं नाव निघालं की ताठ बसणारा. तो बाजारात जाऊन बायांनाच विचारत बसला आणि येऊन म्हणाला, "आठवडाभर सोसायटीचं विणू. शनिवारी ज्येचा माग त्येचा. काय वाटंल ते विणा, कुटं वाटंल तितं विका." पेठेनं ते लगेच उचललं.

पक्षाच्या बैठकीत सेक्रेटरी भडकले. समाजवादात बाजार नसतो, म्हणाले.

"हंगेरीत हाय की," सिद्राम म्हणाला. "रशियातबी शेतकरी परसातली भाजी बाजारात विकतो. योजना पायजेच, पर लुगडं नेसणारीला कोन इचारनार?"

शब्द मागे घे, नाहीतर पक्षाचं कार्ड ठेव, असं त्याला बजावलं. त्या कार्डात त्याचा जीव होता. त्यानं ते टेबलावर ठेवलं, बाहेर आला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला... पण शनिवार सोडला नाही. शेवटपर्यंत स्वतःला कम्युनिस्टच म्हणवत राहिला, आणि होताच तो.

तो गेल्यावर हेच सेक्रेटरी घरी आले. त्याच्या बायकोला, निलव्वावहिनींना म्हणाले, "कमिटीनं दुखवटा ठरवलाय. येत्या शनिवारी पेठेतले सगळे माग बंद."

वहिनींनी डोळे पुसले. "शनिवारच बरा घावला तुमाला? सोसायटीचा सोमवार बंद ठेवा की."

दुखवटा मात्र शनिवारचाच जाहीर झाला.

त्या शनिवारी सकाळी मी पेठेतून चालत गेलो. मागाचा पहिला खटका वहिनींच्या घरातून ऐकू आला, मग शेजारच्या, मग समोरच्या. सेक्रेटरी बोळाच्या तोंडाशी उभे होते. एकही माग बंद नव्हता. आजही नाही. कुणात हिंमत असेल तर येऊन बंद करून दाखवावा.